तळाची ओळ

पानाला डोकं असतं तसे पायही असतात. डोक्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पायांकडे कुणाचंच जात नाही. लग्नपत्रिका हातात आली की आपण वरचा गणपती बघतो, वधूवरांची नावं आणि त्यांच्या पदव्या बघतो, मुहूर्त बघतो, आणि फार तर जेवण आहे की नुसतंच आइस्क्रीम याचा अंदाज घेतो. पार तळाशी मुंगीच्या पावलांनी छापखान्याचं नाव चाललेलं असतं. ते फक्त एकच माणूस वाचतो. ज्याच्या धाकट्या मुलीचं लग्न अजून व्हायचंय तो.

मला ही तळाची ओळ वाचायची खोड लहानपणीच लागली, आणि तिचं कारण निव्वळ भौगोलिक होतं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत वडील खुर्चीवर बसून पेपर वाचत आणि आम्ही मुलं समोर जमिनीवर. पेपराचं पहिलं पान त्यांच्या ताब्यात. माझ्या डोळ्यांसमोर यायचा तो शेवटच्या पानाचा तळ. अक्षरओळख मी त्यावरच पक्की केली. 'हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून फलाण्या ठिकाणी प्रसिद्ध केले.' रोज तीच बातमी! एके दिवशी मी विचारलं, "बाबा, हा माणूस रोज का येतो पेपरात?" बाबा पेपर खाली न करता म्हणाले, "पेपरात काही भलतंसलतं आलं तर पोलीस ज्याला धरतात ना, तो हा."

पुढे मी ह्या विषयावर बरंच वाचलं, पण बाबांच्या त्या एका वाक्यात जे होतं त्यापेक्षा फार निराळं काही निघालं नाही. फक्त तपशील वाढला. तो तपशील मात्र असा आहे की, तळाच्या त्या ओळीकडे बघताना आपसूक चप्पल काढून उभं राहावंसं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, ही ओळ छापखान्याबरोबर आली असेल. छे! छापखाना तर कालचा. त्याआधी पोथ्या होत्या, आणि पोथी हाताने उतरवून काढणारा लेखनिक शेवटच्या पानावर चार शब्द आपल्या पदरचे घालायचाच. शक अमुक, महिना तमुक, ह्या गावी, ह्याने, ह्याच्यासाठी लिहिली. ह्या मजकुराला पुष्पिका असं गोजिरं नाव आहे. नाव फुलाचं असलं तरी आतला मजकूर पक्का कारकुनी. 'पोथी तेलापाण्यापासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका,' ही एक सूचना ठरलेली. दुसरी त्याहून महत्त्वाची : 'समोरच्या पोथीत जसं दिसलं तसं मी उतरवलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये.' आमच्या सोसायटीच्या दर पत्रकावर 'लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' हे वाक्य असतं. मला वाटायचं ते आमच्या सेक्रेटरींचं संशोधन. त्याची कुळी अशी कित्येक शतकं मागे जाते, हे त्यांना सांगितल्यावर ते खूश झाले. लगेच म्हणाले, "म्हणजे परंपरेने चालत आलंय. मग काढायला नको."

ज्ञानेश्वरीचंच घ्या. एवढा अफाट ग्रंथ, पण शेवटी शक १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०ची नोंद आहे, आणि ज्यांनी ती लिहून घेतली त्या सच्चिदानंदबाबांचं नावही आहे. सांगणारा कोण, लिहून घेणारा कोण, साल कुठलं, सगळं जागच्या जागी. पुढे तीनशे वर्षांत नकलांवर नकला होत गेल्या, पाठ बिघडले, हौशी मंडळींनी मधेमधे स्वतःच्या ओव्या सरकवल्या. शक १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तो ग्रंथ शुद्ध केला आणि अखेरीस आपली नोंद जोडली. तीत त्यांनी स्पष्ट बजावलंय की, ह्यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. 'मजकुरात फेरफार करू नये' ही सूचना इतक्या चविष्ट भाषेत त्यानंतर कुठल्याही वकिलाला जमलेली नाही.

पण भक्तिभाव बाजूला ठेवून निव्वळ कामकाजासाठी तळाची ओळ वापरली ती दफ्तरवाल्यांनी. शिवकालातल्या पत्रांत दोन वेगळे ठसे असत. मुख्य शिक्का, आणि मजकूर संपला की अखेरीस उमटवायची मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबीवर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं आहेत. ही मर्यादा शोभते आहे! पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' दिसते. अर्थ एकच : लिहिणं इथे संपलं, ह्याखाली एक अक्षर जरी सापडलं तरी ते आमचं नव्हे. मोडी ही धावती लिपी. आधी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरांची माळ लटकवत जायची. अशा पत्राच्या तळाशी चार बोटं कोरी जागा राहिली, तर एखाद्या बेरकी कारकुनाने तिथे एक गाव जास्त इनाम करून घेतलं असतं. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज मुलीचं लग्न ठरलं तरी वापरतो. त्यातला शिक्का सगळ्यांना ठाऊक असतो. मोर्तब मात्र पानाच्या पायाशी बसते, त्यामुळे तिची विचारपूस कुणी करत नाही.

घरगुती पत्रांत ह्या मर्यादेचा पार बोजवारा उडाला ही गोष्ट वेगळी. 'कळावे, लोभ असावा' लिहून झालं की आमची आत्या 'ता. क.' सुरू करायची. पत्र अर्धं पान, ताजा कलम दीड पान. खरी बातमी, म्हणजे कुणाचं कुणाशी बिनसलं ती, नेहमी ताज्या कलमातच. आत्याला महाराजांच्या दफ्तरात नोकरी मिळाली नसती.

मग आला छापखाना, आणि त्याच्याबरोबर सरकारची झोपमोड. हाताने लिहिलेली पोथी फार तर दहा जण वाचणार. छापलेला कागद एका रात्रीत हजार घरांत जाणार. कुणी लिहिलं हे शोधायचं कसं? सुरुवातीला कंपनी सरकारने परवान्याचा मार्ग काढला. आधी विचारा, मग छापा. १८३५ साली चार्ल्स मेटकाफ ह्या हंगामी गव्हर्नर-जनरलने ती परवान्याची अट काढून टाकली आणि तिच्याजागी साधा व्यवहार ठेवला. छापा, पण छापणारा कोण आणि छापलं कुठे हे जाहीर करून छापा. ह्या उदारपणाबद्दल कंपनीच्या लंडनमधल्या मालकांची मेटकाफसाहेबावर इतराजी झाली, हे ओघानं आलंच.

त्यानंतर १८६७चा पंचविसावा कायदा आला. छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव, छपाईचं ठिकाण, आणि तो प्रसिद्ध केला असेल तर प्रकाशकाचं नाव-ठिकाण स्वच्छ वाचता येईल असं छापलंच पाहिजे. 'स्वच्छ वाचता येईल असं' हे शब्द कायद्यात आहेत. आमच्या स्टेशनाजवळच्या ट्रेडल छापखान्याने मात्र त्यांचा अर्थ 'भिंग घेतल्यास' असा लावला असावा. पेटीतले सगळ्यात झिजलेले, काना-मात्रा गमावलेले खिळे त्या ओळीसाठी राखून ठेवलेले असत. वर्तमानपत्राचं प्रकरण आणखी कडक. मुद्रक-प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं, आणि उद्या खटला झाला तर ते प्रतिज्ञापत्र हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. सरकारी वकिलाने वेगळा साक्षीदार शोधायचं कारण नाही. चोराने चोरी करण्याआधीच चौकीवर आपला पत्ता नोंदवून ठेवावा, तशातली ही सोय.

ही सोय कुणाला किती महाग पडली ते बघा. 'केसरी' निघाला जानेवारी १८८१मध्ये. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवर केलेल्या टीकेबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला. ज्या पत्रांच्या भरवशावर टीका केली ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्यांतले १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघांचीही पंचविशी नुकतीच आली-गेलेली. पत्रं बनावट करणारा दुसराच होता. पण पेपराखाली त्याचं नाव नव्हतं, ह्यांचं होतं.

ह्या सगळ्या इतिहासात मला मात्र चुटपूट लागते ती १८९७च्या खटल्यातल्या दोन नंबरच्या आरोपीची. पुण्यात प्लेगचा कहर, रँडचा खून, आणि 'केसरी'तल्या मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला. हे आपण शाळेत शिकलो. त्या खटल्यात टिळकांच्या शेजारी आणखी एक गृहस्थ उभे होते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. त्यांचं नाव केशव महादेव बाळ. गुन्हा? ते 'केसरी'चे मुद्रक होते. एवढंच. मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेचींपुढे नऊ ज्यूरर बसले. टिळकांबद्दल सहा विरुद्ध तीन असा कौल पडला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. बाळ निर्दोष ठरून सुटले. टिळकांना लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच झालं. बाळ मात्र पुन्हा पानाच्या तळाशी गेले. पण निकाल लागेपर्यंत त्यांच्या घरच्या मंडळींनी रात्री कशा काढल्या असतील? लेखणी त्यांनी उचलली नव्हती, सभा त्यांनी गाजवली नव्हती. त्यांनी आपलं नाव छापू दिलं होतं.

मतभेद झाला की नाव काढून घ्यायचं, हीसुद्धा त्या पिढीची रीत होती. आगरकरांचं समाजसुधारणेच्या प्रश्नांवर मंडळींशी पटेना. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचा 'सुधारक' काढला. त्यातल्या एका वाक्याबद्दल शिव्या आल्या तर त्या कुठल्या पत्त्यावर पाठवायच्या हे सगळ्या पुण्याला ठाऊक होतं, आणि पुण्याने टपालखर्चात कसूर केली नाही.

नुसत्या नावाने सरकारचं समाधान होईना तेव्हा १९१०च्या कायद्याने पैसे मागितले. नवा छापखाना काढायचा तर पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन भरा. मजकूर आवडला नाही की जामीन जप्त. तळाच्या ओळीची ही अनामत रक्कम. तेव्हाचे दोन हजार म्हणजे काय, ह्याचा हिशेब ज्याने त्याने आजोबांच्या पगाराच्या आकड्यावरून करावा.

आता इथे एक घोळ आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. तळाशी नाव असणारा तो शूर आणि नसणारा तो भित्रा, असा सोपा हिशेब इतिहास आपल्याला करू देत नाही. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आपल्या उपनगरातच, विलेपार्ल्याला, सत्याग्रहींची छावणी पडली होती. जमनालाल बजाज तिथे होते. त्या चळवळीच्या दिवसांत मुंबईत काँग्रेसची बुलेटिनं निघत ती बंदी झुगारून, चोरून. त्यांच्या तळाशी खरा पत्ता छापायचा म्हणजे पोलिसांना जेवायला बोलवायचं. मग ते लोक भित्रे का? मुळीच नाही. कागदावर नाव नव्हतं, पण तो कागद वाटताना सापडला तर वाटणारा स्वतःच्या पायाने तुरुंगात जायला तयार होता. तळाची ओळ कागदावर नव्हती, ती माणूस आपल्या अंगावर घेऊन हिंडत होता.

स्वातंत्र्य आलं, आणि ह्या ओळीचा धाक जाऊन तिला घरगुती स्वरूप आलं. १९५६ साली वृत्तपत्रांचे निबंधक नेमले गेले आणि मार्च महिन्याच्या सुमारास प्रत्येक नियतकालिकात 'फॉर्म ४, नियम ८' नावाचा एक चौकोन उगवू लागला. प्रकाशनस्थळ, नियतकाल, मुद्रकाचं नाव, राष्ट्रीयत्व भारतीय, पत्ता. मग प्रकाशकाचं नाव, राष्ट्रीयत्व भारतीय, पत्ता. मग संपादकाचं नाव, राष्ट्रीयत्व भारतीय, पत्ता. पुष्कळदा तिन्ही जागी एकच गृहस्थ, आणि तेही तिन्ही वेळा भारतीयच. शेवटी त्यांची सही, की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. स्वतःचं नाव आणि पत्तासुद्धा 'माझ्या समजुतीप्रमाणे' लिहिण्याचा हा विनय दुसऱ्या कुठल्या देशात असेल का, शंका आहे.

उपनगरांत ह्या काळात मंडळांचं पीक आलं. पार्ल्यात टिळकांच्या नावाने लोकमान्य सेवा संघ १९२३पासूनच उभा होता. पुढे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, जिथे जिथे गिरगाव-दादरची जागा पुरेना म्हणून मराठी माणूस सरकला, तिथे तिथे त्याने आधी गणपती बसवला आणि मग पत्रक काढलं. ज्ञातीचं पत्रक, सोसायटीचं पत्रक, वाचनालयाचं पत्रक. आमच्याही सोसायटीत ते निघतं. एकदा त्याच्या तळाशी काय छापावं ह्यावर कार्यकारिणीची सभा भरली. एरवी कोरम न होणाऱ्या सभेला सोळा माणसं. सगळ्यांना हवं होतं की पत्रकात पाण्याच्या टाकीवरून बिल्डरला चांगलं सुनवावं. मजकूर एकमताने मंजूर झाला. टाळ्या झाल्या. मग सेक्रेटरींनी विचारलं, "खाली नाव कुणाचं घालायचं?"

पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. एकाला आठवलं की आपण सरकारी नोकरीत आहोत. दुसऱ्यांना ब्लडप्रेशर. तिसरे म्हणाले, "नाव कशाला? 'समस्त रहिवासी' घाला." चौथ्यांनी दुरुस्ती सुचवली, "'समस्त' नको, मी त्यात येतो. 'काही रहिवासी' घाला." 'फक्त खाजगी वितरणासाठी' हे घालावं, असं पाचव्यांचं म्हणणं. म्हणजे बिल्डरला ते वाचायचा हक्कच राहणार नाही! अर्धा तास हा काथ्याकूट चालला. शेवटी तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाई उठल्या. म्हणाल्या, "माझं नाव घाला. पूर्ण घाला, आणि खोली नंबरही घाला. मात्र आधी तो मजकूर मला एकदा वाचू द्या." त्यांनी तो वाचला, पेन काढलं, आणि टाळ्या घेतलेली दोन वाक्यं खोडली. "ह्यांचा पुरावा आपल्याजवळ नाही," एवढंच बोलल्या. राहिलेल्या मजकुरात ज्या तीन गोष्टी होत्या त्या तीनही खऱ्या होत्या, तारीखवार होत्या, आणि पत्रकाला उत्तर आलं. उत्तर बाईंच्या नावाने आलं, सोळाही जणांनी ते वाचलं.

त्या दिवशी मला तळाच्या ओळीचा खरा उपयोग समजला. ती सरकारसाठी असते हा आपला गैरसमज. खाली आपलं नाव येणार म्हटल्यावर माणूस वरचा मजकूर पुन्हा एकदा वाचतो. बस्स, तिचं काम एवढंच.

१८६७चा तो कायदा दीडशे वर्षांहून जास्त टिकला. त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४पासून लागू झाला. पुस्तकं त्यातून वगळली, आणि मॅजिस्ट्रेटपुढची ती प्रतिज्ञाही गेली. निवडणुकीच्या पत्रकांवर मात्र मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापण्याची सक्ती १९६१पासून आहे ती आहेच. गंमत अशी की, नावं छापायची हौस आपल्यात कधी कमी नव्हती. कुठल्याही उपनगरी स्टेशनाबाहेर पडा, वाढदिवसाचा फलक दिसेल. वरती एक मोठा चेहरा आणि तळाशी 'शुभेच्छुक' म्हणून पंचवीस छोटे चेहरे, नावांसकट. कारण त्या फलकावर वाक्यच नसतं. वाक्य नाही, म्हणजे जबाबदारी नाही. चेहऱ्यावर कोण खटला भरणार?

आणि ज्यात वाक्यं असतात तो मजकूर हल्ली मोबाइलवरून पहाटे पाचला येतो. अमुक औषधाने मधुमेह सात दिवसांत जातो, तमुक बँक बुडाली, फलाण्या गल्लीत मुलं पळवणारे फिरताहेत. अंगठ्याने खाली खाली सरकत जावं, तर तळाशी काय? 'आलं तसं पुढे पाठवलं.' पोथीतला तो लेखनिकही हेच म्हणायचा, पण बिचारा वर आपलं नाव, गाव आणि शक लिहून मग म्हणायचा.

म्हणून अजूनही कुठलाही कागद हाती आला की मी आधी त्याचा तळ बघतो. आमच्या घरात ह्यावरून थट्टा होते, की हे कादंबरी शेवटापासून वाचतात. होऊ दे. तळ बघून मजकूर खरा की खोटा ते कळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण खोटा निघाला तर कुणाची कडी वाजवायची, तेवढं कळतं.